मीठ टाकण्यास मनाई आहे

हिवाळ्यात परदेशी निघालेल्या नव्या फादरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. तुमचा जन्म वसईच्या हिरव्या पट्ट्यात, केळीच्या नाही तर पानवेलीच्या वाडीत झालेला असावा. थंडी म्हणजे नाताळच्या दिवसांत पहाटेच्या मिस्साला जाताना आईने कानांभोवती बांधलेला मफलर, एवढीच तुमची समजूत असावी. पुढे तुम्ही सेमिनरीत गेलात, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलात, दीक्षा झाली, दोन-तीन धर्मग्रामांत काम केलंत आणि एके दिवशी वरिष्ठांनी बोलावून चहा पाजला. चहाबरोबर काजूही आले. काजू आले की समजावं, आपली बदली समुद्रापलीकडे झाली.

माझी झाली बव्हेरियात. जर्मनीचं दक्षिण टोक, मागे आल्प्स, पुढे गाई. इथे मी सात हिवाळे काढले. उन्हाळे मोजत नाही, ते मोजण्याइतके टिकत नाहीत.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास, कारण विमानात शेजारी बसलेला माणूस हमखास विचारणार की तुम्ही तिकडे कशाला? सांगा, उधारी फेडायला. मुंबईचं झेवियर्स कॉलेज १८६९ साली काढलं ते जर्मन येशूसंघीयांनी. बिचारे बोटीतून यायचे, पांढरे झगे घामाने भिजवायचे, डासांना रक्त द्यायचे आणि मुलांना विज्ञान शिकवायचे. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून आधी डांबलं, मग घालवून दिलं. त्यांना कोणी ‘नवशिक्यांसाठी मुंबईचा मे महिना’ अशी पुस्तिका दिली होती का, माहीत नाही. दिली असती तर काही जण बोटीतूनच परत गेले असते.

आता वारं उलटं वाहतंय. २०२२ या एकाच वर्षात जर्मनीतल्या पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडलं. सोडलं म्हणजे रविवारी यायचं थांबवलं असं नव्हे, ते तर त्यांनी आधीच थांबवलं होतं. सोडलं म्हणजे सरकारी कचेरीत जाऊन तशी नोंद केली. इथे श्रद्धेलाही फॉर्म असतो, कारण आयकराच्या आठ टक्के रक्कम चर्च-कर म्हणून वेगळी कापली जाते. आठ हे बव्हेरियात आणि शेजारच्या राज्यात, बाकी जर्मनीत नऊ. माणसं कमी, फादर त्याहून कमी, म्हणून तीन-चार गावांची मोट बांधून एका फादरच्या गळ्यात घालतात. तो फादर केरळचा असतो, पोलंडचा असतो, नायजेरियाचा असतो. आणि काजू खाल्ले असतील तर वसईचा.

लागणारं साहित्य

इथले लोक सांगतात की कपडे कांद्यासारखे घालावेत, पापुद्र्यावर पापुद्रा. बाहेर जाताना चढवायचे, आत शिरलं की सोलायचे. सामान्य माणसाचा कांदा चार पापुद्र्यांचा असतो. फादरचा मोजून पाहा: आतली गरम बंडी, शर्ट, स्वेटर, त्यावर पांढरा पायघोळ झगा, त्यावर स्टोल, त्यावर मिस्साचं वस्त्र. झगा आधीच्या फादरच्या मापाचा असतो आणि आधीचे फादर सडपातळ होते. पहिल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, मी वेदीशी हात पसरून उभा राहिलो आणि पाठीत एक शिवण उसवली. ध्वनिक्षेपक चालू होता.

चर्च गरम असेल या भ्रमात राहू नका. जुन्या चर्चमधला ऑर्गन, लाकडी वेद्या, संतांचे पुतळे, सगळे तीनशे-तीनशे वर्षांचे. एकदम उष्णता दिली की लाकूड तडकतं. त्यामुळे संतांना सोसेल इतकीच ऊब ठेवतात, आणि संतांना फारसं काही लागत नाही. बाकांच्या गाद्यांखाली काही ठिकाणी विजेची शेगडी असते. वेदीखाली नसते. प्रवचन देताना तुमचा शब्द वाफ होऊन बाहेर पडतो आणि पहिल्या बाकावरच्या आजी त्याच्याकडे टक लावून पाहत राहतात. भक्तीने पाहतात असं मी दोन वर्षं समजत होतो.

हातमोजे घालून ख्रिस्तप्रसाद वाटता येत नाही. बोटं मात्र बधिर होतात आणि एकाच्या जागी दोन भाकऱ्या उचलल्या जातात. उपाय आमच्या मेस्नरने शिकवला. मेस्नर म्हणजे चर्चचं सगळं बघणारा माणूस, आपल्याकडच्या सॅक्रिस्टनसारखा, फक्त अधिकार बिशपच्या खालोखाल. तो मिस्सापूर्वी हात धुवायला मला गरम पाणी देतो आणि चषकही त्याच पाण्याने विसळून पुसून ठेवतो. सात वर्षांत आम्ही यावर एक शब्दही बोललेलो नाही. बव्हेरियन मायेचं हे वरचं टोक समजावं.

कानटोपी विसरू नका. कानांवरून आठवलं, आपल्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया. परदेशातल्या हिवाळ्याचा अनुभव त्यांच्याएवढा कोणाला असणार? १५९७ च्या जानेवारीत जपानमध्ये, क्योतो शहरात, त्यांचा आणि सोबत्यांचा डावा कान कापला आणि तिथून नागासाकीपर्यंत महिनाभर त्या थंडीत नेलं. ५ फेब्रुवारीला २६ जणांना क्रुसावर दिलं. जानेवारीत एखाद्या सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना स्वतःची फार कीव यायला लागली, तर मी त्यांची आठवण काढतो. कीव लगेच जाते. बर्फ जात नाही.

सुटकेसमध्ये काय न्यावं? युरोपच्या नियमाप्रमाणे बाहेरून मांस आणि दूधदुभतं आणता येत नाही, सुकी मासळी आणता येते. म्हणजे आईने केलेलं मांसाचं इंद्याल विमानतळावर कचऱ्यात जाईल, बोंबील मात्र सुखरूप पोचतील. सुकेळी जरूर न्या. इथल्या लोकांना वाळवलेलं केळं हा प्रकार ठाऊक नसतो आणि पानाच्या पुडक्यात बांधलेलं काहीही त्यांना औषध वाटतं. खोकल्यावर घेऊ का, असं मला तिघांनी विचारलंय. मी हो म्हणून टाकतो.

कृती

पहिला बर्फ पडतो ती सकाळ सुंदर असते. अंगणात जा, तोंड उघडं ठेवून उभे राहा, फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका. मावशी ‘गॉड ब्लेस’ लिहील, धाकटा भाऊ ‘फ्रीज डीफ्रॉस्ट कर’ असं लिहील. हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. कारण सातला कायदा सुरू होतो.

घरासमोरची पायवाट मोकळी ठेवणं ही घरात राहणाऱ्याची जबाबदारी आहे. कामाच्या दिवशी सातपासून रात्री आठपर्यंत, रविवारी थोडी सवलत. तेवढ्या वेळात कोणी घसरून पडलं तर पाय त्याचा मोडतो आणि खटला तुमच्यावर होतो. फादरचं घर म्हणजे साधं घरही नव्हे. चर्चच्या पायऱ्या, पॅरिश ऑफिसची वाट, कबरस्तानाच्या फाटकापर्यंतचा तुकडा. मेस्नर सत्तरीचा, त्याच्या कमरेत उसण भरलेली. म्हणजे उरलात तुम्ही.

फावडं उचला. आपल्या मातीच्या फावड्यासारखं ते नसतं, सुपासारखं रुंद असतं. सुरुवातीला बर्फ हलका लागतो, कापसासारखा. दहा मिनिटांनी तो ओल्या मातीसारखा लागतो. ईशज्ञानाच्या चार वर्षांत कमरेच्या खालच्या मणक्यांविषयी कोणी काही शिकवलेलं नसतं, ते ज्ञान इथे पूर्ण होतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बर्फ शेजाऱ्याच्या बाजूला टाकणं. दुसरी मोठी चूक मी केली.

बर्फ काढला तरी खाली काचेसारखा थर राहिला होता. मला एकदम आठवलं, मीठ! आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर मिठागरं होती. मिठाचे पांढरे ढीग पाहत मी शाळेत गेलो. मला मीठ कोण शिकवणार? स्वयंपाकघरातून दोन पुडे आणले आणि चर्चच्या पायऱ्यांवर, पेरणी केल्यासारखे, मूठ-मूठ टाकले. दुसरा पुडा निम्मा झाला असेल, तेवढ्यात शेजारी आला.

हा निवृत्त गवंडी. घरात घालायच्या चपलांवर, अंगात स्वेटर, डोक्यावर काही नाही. त्याची आणि आमची पायवाट सामाईक. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हेर फारर,” म्हणजे फादरसाहेब, “मीठ टाकायला मनाई आहे.”

आणि खरंच आहे. इथल्या पुष्कळ गावांत आणि शहरांत पायवाटेवर नागरिकांनी मीठ टाकायचं नसतं. झाडांची मुळं जळतात, कुत्र्यांच्या पंजांना चिरा पडतात. टाकायची ती बारीक खडी. मोठ्या रस्त्यांवर सरकारी गाड्या खुशाल मीठ फवारतात, पण तो अधिकार त्यांचा. आता माझी अवस्था बघा. येशूने आपल्या शिष्यांना उपमा दिली ती मिठाची. त्या उपमेवर मी वसईत किमान वीस प्रवचनं दिलेली. तिच्यावर विसंबून सहा हजारांवर किलोमीटर लांब आलो, तर इथे मिठाला बंदी आणि दगडाला परवानगी.

शेजाऱ्याने स्वतःच्या शेडमधून खडीची बादली आणून दिली. जाताना सहज सांगितलं की त्याने आठ वर्षांपूर्वीच चर्च सोडलंय, तेव्हा हे काही धर्मकार्य समजू नये.

चालणे

इथले हाडांचे डॉक्टर सांगतात की बर्फावर पेंग्विनसारखं चालावं. पेंग्विन तुम्ही पाहिलेला नसेल, तेव्हा असं समजा, चिखलणी केलेल्या खाचरात डोक्यावर आवणाची मोळी घेऊन चाललाय. गुडघे थोडे वाकलेले, पाऊल सपाट, घाई नाही, हात खिशात नाहीत. झग्याचा घोळ एका हातात धरावा. पडायचंच असेल तर मिरवणुकीत पडू नये, आणि मिरवणुकीतच पडायचं असेल तर हातात काही पवित्र नसावं.

गाडीविषयी एकच सांगतो. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतं. जुलैत आलात तर बर्फ पडायला लागतो त्याच सुमारास तुमचं लायसन्स संपतं. मग नवी परीक्षा, तीही बर्फात. बिशपसाहेबांना सांगून फेब्रुवारीत या.

भाषा

जर्मनची परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊनच तुम्ही याल. ते फ्रेम करून भिंतीवर लावा, कारण गावात त्याचा दुसरा उपयोग नाही. गावात बव्हेरियन बोलतात. शाळेच्या पुस्तकातून मराठी शिकून कोणी आमच्या आजीशी वसईच्या कादोडी बोलीत गप्पा मारायला बसावं, तशी तुमची गत होणार. आजी प्रेमाने जेवायला वाढेल, पण काय बोलली ते कळणार नाही.

मराठी माणसाला काही गोष्टी मात्र फुकट मिळतात. इंग्रजीच्या वाटेने आलेला माणूस ‘मी थंड आहे’ असं भाषांतर करतो आणि समोरचे दचकतात, कारण जर्मनमध्ये त्याचा अर्थ हवामानाकडून भलतीकडेच वळतो. आपल्याला मुळात थंडी ‘वाजते’, आणि वाजते ती ‘मला’. जर्मनलाही तिथे ‘मला’च हवं असतं. मराठीतून विचार करा, विभक्ती आपसूक जुळते. तीन लिंगांचंही तसंच. त्यांच्याकडे चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. हे ऐकून अमेरिकन लोक रडकुंडीला येतात. आपण तो चमचा, ती सुरी, ते ताट करतच मोठे झालो. वाटण्या वेगळ्या झाल्यात, एवढंच.

पण फाजील आत्मविश्वास नको. पावणेतीनला आमचे गावकरी ‘पाऊण तीन’ म्हणतात, अगदी आपल्यासारखं. त्या आनंदात ‘अर्धे तीन’ म्हणजे साडेतीन असं मी धरून चाललो. अर्धे तीन म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, म्हणजे अडीच. अंत्यविधी अडीचला होता. उणे सहा अंशांत, उघड्या कबरस्तानात, चाळीस माणसं आणि एक शवपेटी तासभर माझी वाट पाहत होती. मी पोचलो तेव्हा कोणी एक शब्द बोललं नाही. विधी झाला. नंतरच्या जेवणाला, इथे दफनानंतर सगळे खानावळीत जेवायला जातात, विधवा बाईंनी माझ्यापुढे सूपाचा वाडगा सरकवला आणि म्हणाल्या, “आमचे हे आयुष्यभर उशिराच यायचे. त्यांना आवडलं असतं.”

उच्चाराचं म्हणाल तर चर्चला ‘किर्शं’ म्हणू नका. तो मधला आवाज आपल्या घशात नाही, टाळूवर हवा घासून काढावा लागतो. ‘किर्शं’ म्हणजे चेरी. पहिल्याच रविवारी मी भाविकांचं ‘आपल्या या प्राचीन चेरीमध्ये’ स्वागत केलं. गोव्यात १५७९ साली उतरलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स पुढे मराठीत हजारो ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहून गेले, १६१६ साली ते छापलं गेलं. त्यांचेही सुरुवातीला असे प्रमाद झाले असणार. छापले नाहीत, एवढंच.

जेवण

बाहेर उणे आठ. आत तुम्ही कुडकुडत बसलात. संध्याकाळचे सहा. यजमानीणबाई ताट आणतात: गार पाव, गार चीज, गार सॉसेजच्या चकत्या, गार काकडीचं लोणचं. याला रात्रीचं जेवण म्हणतात. या विषयावर मार्गदर्शन करण्याची माझी पात्रता नाही.

घर

घराविषयी सर्वात महत्त्वाचा संस्कार म्हणजे खिडक्या उघडणं. दिवसातून दोन-तीन वेळा, सगळ्या खिडक्या सताड, पाच-दहा मिनिटं, बाहेर कितीही थंडी असली तरी. नाही तर भिंतींना बुरशी येते. वसईत पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते तेव्हा आपण चुना लावतो आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघतो. इथे घरमालक पत्र लिहितो. पॅरिश ऑफिसच्या सेक्रेटरीबाई रोज आठ वाजता येऊन, मला विचारल्याशिवाय, माझ्या खोलीची खिडकी उघडतात. मी पांघरुणात असलो तरी. फादरला खाजगी आयुष्य नसतं हे सेमिनरीत शिकवतात, त्याचं प्रात्यक्षिक हे.

याचा बोंबलांशी संबंध आहे. तो पुढे येईल.

हिवाळ्याचं पंचांग

फादरचा हिवाळा १ नोव्हेंबरला दुपारी कबरस्तानात सुरू होतो. सर्व संतांच्या दिवशी कबरींना आशीर्वाद द्यायचा असतो. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी, दोन तारखेला, सगळं गाव मेणबत्त्या-फुलं घेऊन कबरींवर जमतं. तसंच इथेही, फक्त वारा बोचरा आणि गप्पा कमी. शिंपडायच्या पाण्याचा थेंब चष्म्याच्या काचेवर पडला तर पुसायला जाऊ नका, पसरतो.

११ तारखेला संत मार्टिन. मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फिरतात, पुढे घोड्यावर मार्टिन, भिकाऱ्याला अर्धा झगा कापून देणारा. पहिल्या वर्षी मी मुलांना विचारलं, तुम्ही असता तर काय दिलं असतं? एका मुलीने माझ्या पायांकडे पाहून सांगितलं, मोजे. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीने लोकरीचे विणलेले मोजे पाठवले. प्रश्न विचारताना जपून.

आगमनकाळात हिरव्या फांद्यांचं कडं करून त्यावर चार मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक वाढवत. ही सगळीकडची कॅथलिक प्रथा म्हणून मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो, तेव्हा मेस्नरने कानात सांगितलं की ही मुळात प्रॉटेस्टंटांची. १८३९ साली हाम्बुर्गमध्ये विखर्न नावाच्या धर्मपंडितांनी मुलांसाठी सुरू केली. आपण मागून घेतली. प्रवचनाच्या मध्ये ही माहिती द्यायची नसते, पण मेस्नरचा अधिकार मी आधीच सांगितलाय.

याच दिवसांत पहाटे सहाच्या मिस्सा असतात, विजेचे दिवे न लावता, फक्त मेणबत्त्यांवर. सूर्य उगवतो आठला, मावळतो साडेचारच्या आत. मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये सगळ्यांचा नाश्ता. या मिस्साला माणसं येतात. रविवारी न येणारीही येतात. का येतात, यावर मी बराच विचार केलाय. पाव ताजा असतो हे एक कारण आहेच.

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री नसते. तीन गावं असतात, फादर एक असतो. एका गावात ‘मध्यरात्र’ संध्याकाळी साडेपाचला होते, दुसऱ्यात साडेआठला, तिसऱ्यात अकराला. शेवटी सगळे दिवे मालवून ‘सायलेंट नाइट’ मूळ जर्मनमध्ये गातात. १८१८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते इथून फार लांब नसलेल्या ओबेर्नडॉर्फ गावात, गिटारच्या साथीवर, पहिल्यांदा म्हटलं गेलं. शब्द लिहिणारे योसेफ मोर तिथले सहायक फादर होते, म्हणजे आपल्याच पगारश्रेणीतले. गाणं संपल्यावर काही क्षण कोणी हलत नाही, अंधार तसाच असतो. त्या शांततेत मी नववर्षाच्या मिस्साचं वेळापत्रक वाचायला सुरुवात केली. गावाने हे अजून विसरलेलं नाही. दर नाताळला कोणी तरी मिश्कीलपणे विचारतं, “फादर, यंदा सूचना कधी?”

मग सगळे घरी जातात. तुम्ही किल्ल्या फिरवत, मेणबत्त्या विझल्यात ना बघत, बाहेर येता. साडेबारा वाजलेले असतात. वसईत पाच. फोन लावा. आई जागी असते. मैदानातली मिस्सा कशी झाली, नाताळच्या गोठ्याला कोणाचं बक्षीस लागलं, तळायच्या फुग्यांचं पीठ यंदा कसं फसफसलं नाही, हे सगळं ती सांगेल. तुमच्याकडे बर्फ पडलाय का, हे ती शेवटी विचारेल. पडला नसला तरी हो म्हणा. तिने शेजारणींना आधीच सांगून ठेवलेलं असतं.

२५ ला तुम्हाला जेवायला कोणी बोलावणार नाही. हा दुष्टपणा नव्हे. प्रत्येक घराला खात्री असते की फादरना दुसऱ्या कोणी बोलावलंच असेल. २६ ला, तीही इथे सुट्टी, तीन घरांची आमंत्रणं येतात आणि तीनदा बदक किंवा हंस खावा लागतो. २५ साठी म्हणून बोंबील. तव्यावर टाका, तेल सढळ, तिखट-मीठ-हळद. खाण्यावर अजून कोणी मनाई केलेली नाही. वास घरभर भरला की आठवण ठेवून खिडक्या उघडा. मी उघडल्या. दहा मिनिटांत बेल वाजली. शेजारी दारात उभा. गटार तुंबलंय का, त्याला विचारायचं होतं. नाताळच्या दिवशी प्लंबर मिळत नाही म्हणून स्वतःची अवजारं घेऊन आला होता. एकटाच होता. आत बसवला, ताटात दोन बोंबील वाढले. पहिला त्याने नाक धरून खाल्ला. चौथ्यानंतर विचारलं की याच्याबरोबर बियर चालते का.

६ जानेवारीच्या आधी मुलं तीन राजांचा वेष करून घरोघर जातात, दारावर खडूने साल आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहितात, म्हणजे लॅटिनमध्ये ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’, आणि जगातल्या गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात. १९५९ पासून हे देशभर चालतं. पूर्वी एका राजाच्या तोंडाला काळं फासत, आता बहुतेक ठिकाणी ते बंद झालंय. एका वर्षी सोबतीला मोठं माणूस हवं होतं म्हणून मी गेलो. एका वृद्ध बाईंनी दार उघडलं, मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला, “अरे वा, यंदा खरा राजा आणलात!” कागदी मुकुट घातलेला नऊ वर्षांचा मेल्खिओर गंभीरपणे म्हणाला, “हे राजे नाहीत. हे आमचे आहेत.”

त्याच सणाला पाणी आशीर्वादित करतात, घरी नेऊन वर्षभर ठेवण्यासाठी. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात आशीर्वादित मीठ घालतात. मी ते मीठ बोटांनी घेतलं तेव्हा मेस्नरने, अगदी गंभीर चेहऱ्याने, दार लावून घेतलं.

३ फेब्रुवारीला संत ब्लासियसचा आशीर्वाद. दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याशी धरायची आणि घशाच्या विकारांपासून रक्षणाची प्रार्थना म्हणायची. तोपर्यंत आख्खं गाव खोकत असतं, तेव्हा रांग मोठी लागते. प्रत्येक जण तुमच्या तोंडावर खोकून पुढे जातो. पाच तारखेला तुम्ही अंथरुणात असता.

शेवटची दक्षता

पायवाटेचा विषय अर्धा राहिला. खडीच्या प्रकरणानंतर पुढच्याच बर्फाच्या दिवशी, पहाटेच्या मिस्सासाठी मी साडेपाचला उठलो, तर चर्चच्या पायऱ्या साफ. खडी टाकलेली, एकसारखी, गवंड्याने गिलावा करावा तशी. बर्फात पावलांची एक रांग शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेलेली. दुपारी भेटल्यावर आभार मानले. तो म्हणाला, सामाईक वाट आहे, कोणी म्हातारी पडली तर विमा कंपनी त्यालाही पत्र पाठवणार, तेव्हा आभाराचं कारण नाही.

वसईच्या माणसाला हे सोसत नाही. आपल्याकडे शेजाऱ्याने वाटी भरून पाठवली तर ती रिकामी परत करत नाहीत. दुसऱ्या वेळी मी पाचला उठलो आणि त्याच्या दारापर्यंतची वाट करून टाकली. तिसऱ्या वेळी पाचला उठलो, तर दोन्हीकडचं झालेलं. मी गजर पावणेपाचचा केला. त्या वर्षी मेस्नरच्या कमरेला बरंच बरं वाटू लागलं होतं, कारण फावडं त्याच्या हाताला लागतच नव्हतं.

सध्या माझा गजर सव्वाचारला आहे. शेजाऱ्याचा किती वाजता होतो याचा शोध चालू आहे. त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा परवा चारला दहा मिनिटं कमी असताना लागलेला मी खिडकीतून पाहिला. कळलं की पुढच्या आवृत्तीत छापू.